सोफी क्युपर्सच्या भिंती शोधताना : हॅनोव्हर ते कोलोन

सोफी क्युपर्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. रशियन चित्रकार-डिझायनर एल लिसिट्स्कीची बायको म्हटलं, की कलेच्या विद्यार्थ्यांना थोडाफार उलगडा होतो. ओळख खरी असली तरी अपुरी आहे. सोफीचा जन्म 1 नोव्हेंबर 1891 चा, कील शहरातला. म्युनिकमध्ये तिने कलेचा इतिहास शिकला आणि पहिला नवरा पाउल एरिक क्युपर्स याच्यासोबत क्ले, कांडिन्स्की, लेजे, ग्लेझ यांची चित्रं जमवली. त्या काळी ही मंडळी 'हे काय चित्र झालं?' या सदरात मोडत होती. पुढे ती लिसिट्स्कीशी लग्न करून मॉस्कोला गेली, जाताना चित्रं हॅनोव्हरच्या संग्रहालयात उसनी ठेवली, आणि तिथून नाझींनी ती उचलली. 1978 मध्ये ती सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला वारली.

तिच्या नावाचं संग्रहालय कुठेच नाही. त्यामुळे हा प्रवास तिच्या चित्रांचा आणि ती जिथे टांगली गेली त्या भिंतींचा आहे : हॅनोव्हर, ड्रेस्डेन, म्युनिक, बाझेल, कोलोन. एप्रिलचा शेवटचा आठवडा धरला होता. शनिवारी सुरुवात केली की सोमवार प्रवासात जातो. जर्मनीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून हे जमवणं महत्त्वाचं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, वेगळा व्हिसा लागत नाही. 1 मे सहलीत येत असेल तर त्या दिवशीचं खाणंपिणं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, दुकानं उघडत नाहीत.

पहिला दिवस, शनिवार : हॅनोव्हर, श्प्रेंगेल म्युझियम

स्टेशनपासून संग्रहालय चालत अर्ध्या तासावर, माश्झे तलावाच्या काठी आहे. तलाव जुना वाटतो, पण तो 1934 ते 1936 मध्ये खणलेला. सोफीने हॅनोव्हर सोडलं तेव्हा इथे नदीकाठचं पाणथळ कुरण होतं.

आत सरळ 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट कॅबिनेट'कडे जायचं. प्रांतिक संग्रहालयाचा संचालक आलेक्झांडर डोर्नर याने 1927-28 मध्ये लिसिट्स्कीकडून ही खोली करून घेतली. नाझींनी 1937 मध्ये ती मोडली. 1968 मध्ये तिची प्रतिकृती उभी राहिली, 1979 मध्ये ती या इमारतीत आली आणि 2017 मध्ये नव्या अभ्यासावरून पुन्हा नव्याने बांधली गेली. म्हणजे समोर दिसते ती प्रतिकृतीच, आणि संग्रहालयही ते लपवत नाही. मूळ खोली पाहायला मिळेल या अपेक्षेने जाणारे हिरमुसतात. तसं जाऊ नये.

ही खोली पाहायची रीत वेगळी आहे. भिंतींवर उभ्या पट्ट्या बसवल्या आहेत, एक बाजू पांढरी, दुसरी काळी, मागची भिंत करडी. दारात उभं राहून फोटो काढला तर नुसती रेघारेघांची भिंत येते. पट्ट्यांच्या भिंतीला अगदी लागून, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालायचं आणि नजर चालण्याच्या दिशेने, तिरकी ठेवायची. भिंत एका रंगाची दिसते. परत फिरून उलट चाललं की दुसऱ्या रंगाची. समोरून पाहिलं की करडी. मागचं गणित साधं आहे. याच्या आधीच्या, ड्रेस्डेनच्या खोलीत लिसिट्स्कीने पट्ट्या 7 सेंटीमीटर खोल आणि 7 सेंटीमीटर अंतरावर लावल्या होत्या. खोली आणि अंतर सारखं असलं की 45 अंशांतून पाहताना मागची भिंत पूर्ण झाकली जाते, उरतो तो फक्त पट्टीच्या कडेचा रंग. चित्राची पार्श्वभूमी अशी बघणाऱ्याच्या पायांवर बदलते. ड्रेस्डेनच्या पट्ट्या लाकडी होत्या, हॅनोव्हरला त्याने धातू वापरला.

खोली लहान आहे. आत तीन-चार माणसं झाली की चालायला जागा उरत नाही आणि सगळा खेळ बसतो. शनिवारी दुपारी नेमकं तेच होतं, त्यामुळे दार उघडताच जावं. काही चित्रं सरकत्या पाट्यांवर आहेत. मूळ खोलीत लोकांनी त्या हाताने सरकवाव्यात अशीच योजना होती, पण आज काय हलवायचं आणि काय नाही हे राखणदाराला आधी विचारा. आम्हाला भेटलेल्या बाईंनी एक शब्द न बोलता स्वतः भिंतीलगत चालून दाखवलं. कानात लावायच्या माहितीयंत्रापेक्षा ते दहा सेकंद उपयोगी पडले.

त्याच संग्रहालयात कुर्ट श्विटर्सच्या 'मेर्झबाउ'ची प्रतिकृती आहे. वाल्डहाउझनश्ट्रासवरच्या राहत्या घरात त्याने वर्षानुवर्षं वाढवत नेलेली ती प्लास्टर-लाकडाची गुहा ऑक्टोबर 1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेली. श्विटर्स हा सोफी-लिसिट्स्कीच्या गोतावळ्यातला. लिसिट्स्की आणि त्याने मिळून 1924 मध्ये 'मेर्झ' मासिकाचा जोडअंक काढला होता.

खोलीच्या मानाने कागदावरची कामं पाहणं अवघड. केस्टनर या इथल्या कलासंस्थेने 1923 मध्ये आपल्या सभासदांसाठी लिसिट्स्कीच्या 'प्रोउन' (आपल्या भौमितिक अमूर्त रचनांना त्याने दिलेलं नाव) लिथोग्राफचा, म्हणजे शिळाछापांचा, संच काढला, त्याच वर्षी हॅनोव्हरमध्येच 'सूर्यावर विजय' या ऑपेराच्या बाहुल्यांचा दहा पानांचा संच छापला गेला. हे कागद उजेडाने खराब होतात, म्हणून काही महिने मंद दिव्यात दाखवून पुन्हा पेटीत जातात. भिंतीवर दिसतीलच असं धरू नका. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात अशा कामांसाठी अभ्यासदालनाची वेळ मागता येते. चार-सहा आठवडे आधी ईमेल करा आणि नक्की कोणता संच, कोणतं वर्ष ते लिहा. 'लिसिट्स्कीचं काही दाखवा' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं.

जाता जाता : पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. लॉकरला एक किंवा दोन युरोचं नाणं लागतं. नाणी खिशात असू द्या.

रात्रीच्या जेवणाला पांढरा अ‍ॅस्परॅगस. एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंत त्याचा हंगाम असतो, आणि लोअर सॅक्सनीत, म्हणजे हॅनोव्हरच्या राज्यात, लोक हापूसच्या आतुरतेने त्याची वाट पाहतात. उकडलेले बटाटे आणि लोणीदार हॉलंडेझ सॉस सोबत येतो. सॉसमध्ये अंडं असतं. ताटात डुकराच्या मांसाचे पातळ काप हटकून येतात, तेव्हा ऑर्डर देतानाच 'ओने शिंकन' म्हणायचं. नुसतं वितळलेलं लोणी मागितलं तर तेही देतात.

दुसरा दिवस, रविवार : केस्टनर, पेलिकान

सकाळी ऊन, अकराला गारांचा सडा, बाराला पुन्हा ऊन. जर्मन एप्रिल असाच असतो. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, वाऱ्यात छत्री उलटते.

केस्टनर संस्था 1916 मध्ये शहरातल्या उद्योजकांनी आणि कलाप्रेमींनी स्थापली. बिस्किटवाले हेर्मान बाल्सेन त्यांतलेच एक. पाउल क्युपर्स तिचा पहिला कलासंचालक. महायुद्धाच्या मध्यावर, ब्रेडचं रेशनिंग चालू असताना, हे लोक नव्या चित्रकारांची प्रदर्शनं भरवत होते. 1920 मध्ये पाउलचं क्यूबिझमवरचं पुस्तक आलं. जानेवारी 1922 मध्ये तो स्पॅनिश फ्लूने गेला. सोफी तिशीची, पदरात दोन मुलगे. ती हातावर हात ठेवून बसली नाही. चित्रांची खरेदी-विक्री आणि प्रदर्शनांची जुळवाजुळव तिने सुरू ठेवली. 1923 च्या सुरुवातीला केस्टनरमध्ये लिसिट्स्कीचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, त्यामागे तिचा आग्रह होता.

संस्थेची त्या वेळची जागा स्टेशनमागच्या क्योनिगश्ट्रासवर होती. नाझींनी 1936 मध्ये संस्था बंद पाडली. आजची केस्टनर 1997 पासून गोझेरीडे रस्त्यावर, एका जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या इमारतीत आहे. पोहण्याच्या तलावाच्या जागी प्रदर्शनाचं दालन झालंय. इथे सोफीचं काही टांगलेलं नाही, कारण संस्थेचा स्वतःचा कायमचा संग्रह नाही, आजच्या कलाकारांची प्रदर्शनं येतात-जातात. तरीही जावं. 1923 मध्ये लिसिट्स्की हाही 'आजचा कलाकार'च होता.

दुपारी ट्रामने पोडबिएल्स्कीश्ट्रासवरचा पेलिकान कारखाना, थांबा 'पेलिकानश्ट्रास'. शाईच्या पेलिकानचं हे मूळ आवार. आता तिथे हॉटेल, कचेऱ्या आणि घरं आहेत, विटांचे दर्शनी भाग राखलेले. 1923 च्या शेवटी लिसिट्स्कीला क्षयाचं निदान झालं आणि 1924 च्या फेब्रुवारीत तो स्वित्झर्लंडमध्ये लोकार्नोजवळ उपचाराला गेला. त्या दिवसांत पेलिकानच्या जाहिरातींचं काम त्याच्या पैशाचा आधार होता. शाईची बाटली आणि टाक थेट फोटोच्या कागदावर ठेवून, कॅमेऱ्याविना केलेली त्याची 1924 ची पेलिकान जाहिरात आजही ग्राफिक डिझाइनच्या वर्गात दाखवतात. स्वित्झर्लंडमधला खर्च, औषधपाणी, चित्रं विकणं, सगळ्याची तजवीज सोफीने हॅनोव्हरहून केली. दोन मुलांचा संसार चालवून.

परतताना पूर्वीच्या प्रांतिक संग्रहालयाची, म्हणजे आजच्या लांडेसम्युझियमची इमारत बाहेरून पाहून घ्या. गोष्टीचा सांधा इथे आहे. 1926 मध्ये सोफीने मॉस्कोची तयारी करताना डझनभराहून अधिक चित्रं डोर्नरच्या ताब्यात दिली. भेट म्हणून नाही, उसनी. जर्मन संग्रहालयांच्या पाट्यांवर अशा चित्रासाठी 'लाइहगाबे' लिहिलेलं असतं. चित्र भिंतीवर संग्रहालयाच्या, मालकी दुसऱ्याची. जुलै 1937 मध्ये जप्ती पथकं आली तेव्हा हा फरक त्यांनी विचारात घेतला नाही. 31 मे 1938 चा जो कायदा मागाहून करून ही जप्ती कागदोपत्री बसवली, त्यात जर्मन नागरिकांची आणि जर्मन संस्थांचीच मालमत्ता येत होती, आणि सोफी तर तोवर अकरा वर्षं सोव्हिएत नागरिकाची बायको होती. पुढच्या कोर्टकज्ज्यांचं बीज या एका फटीत आहे.

रविवारी दुकानं बंद. रेल्वे स्टेशनमधली उघडी असतात, दूध-फळं तिथूनच.

तिसरा दिवस, सोमवार : गाडीत

हॅनोव्हरहून माग्डेबुर्ग, लाइपझिग करत ड्रेस्डेन, चार तासांहून थोडं अधिक. सांगण्यासारखं एवढंच : स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीपुरतंच असतं, पण उशिरामुळे तुम्ही मुक्कामाला किमान 20 मिनिटं उशिरा पोहोचणार असं दिसलं, तर ते बंधन आपोआप सुटतं आणि पुढची कुठलीही गाडी पकडता येते. तासभर उशीर झाला तर भाड्याचे 25 टक्के, दोन तासांना 50 टक्के परत मिळतात. बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं आणि ते मुकाट नवं तिकीट काढतात.

चौथा दिवस, मंगळवार : ड्रेस्डेन

1926 च्या उन्हाळ्यात इथे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन भरलं. लिसिट्स्कीला 6 मीटर बाय 6 मीटरची एक खोली मिळाली. डोर्नरने ती पाहिली आणि हॅनोव्हरसाठी तशीच मागितली. म्हणजे शनिवारी पाहिलेल्या खोलीची थोरली बहीण इथली. प्रदर्शनाचा वाडा 1945 च्या बॉम्बफेकीत गेला. श्ट्रासबुर्गर प्लात्झच्या त्या आवारात आज फोक्सवागनची काचेची इमारत आहे. पाटी-बिटी शोधण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा शेजारच्या ग्रोसर गार्टन बागेतली छोटी रेल्वे पाहा. रुळांची रुंदी 381 मिलिमीटर, साडेपाच किलोमीटरचा फेरा, आणि तिकीट तपासनीसापासून सिग्नलवाल्यापर्यंत सगळी शाळकरी मुलं, गणवेशात, चेहरे विलक्षण गंभीर. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने तिकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी तपासलं आणि मगच पंच केलं.

दुपारी एल्बे नदीपलीकडे, आउगुस्टुस पुलाच्या टोकाशी, ब्लॉकहाउसमध्ये 2024 मध्ये उघडलेलं अवाँगार्दचं, म्हणजे विसाव्या शतकातल्या प्रयोगशील कलेचं, अभिलेखागार. एगिदियो मार्झोना या संग्राहकाने दिलेल्या पत्रं, पोस्टर, पुस्तकं, आराखडे अशा सुमारे 15 लाख वस्तू. जुन्या भिंतींच्या आत काँक्रीटचा एक प्रचंड ठोकळा जणू अधांतरी ठेवलाय, आणि साठा त्याच्या पोटात आहे. खाली प्रदर्शन, वाचायला जागा. उघडण्याचे वार इतर संग्रहालयांपेक्षा वेगळे असू शकतात, संकेतस्थळ पाहूनच जा.

ड्रेस्डेनचा सोफीशी आणखी एक धागा आहे. लिसिट्स्कीचं चरित्र, पत्रं, लेख आणि चित्रं एकत्र आणणारं तिचं जाडजूड पुस्तक 1967 मध्ये इथल्या 'फेरलाग डेर कुन्स्ट' या प्रकाशनाने काढलं. तिने ते नोवोसिबिर्स्कमध्ये राहून केलं होतं. पुढच्याच वर्षी ते लंडनहून इंग्रजीत आलं, आणि लिसिट्स्कीवर आज जे काही लिहिलं जातं त्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. जुनी प्रत अडगळीच्या पुस्तकदुकानांत मिळते. घेताना रंगीत पानं सगळी आहेत का ते मोजून घ्या. ती पानं काढून फ्रेम करून विकण्याचा उद्योग जुना आहे.

खायला क्वार्ककॉइल्शन : उकडलेला बटाटा आणि चक्क्यासारखं क्वार्क मळून तळलेल्या गोड टिक्क्या, सोबत सफरचंदाचा गर. गरमच खाव्यात. निवल्या की चामट होतात.

पाचवा दिवस, बुधवार : म्युनिक, लेनबाखहाउस

आदल्या संध्याकाळी ड्रेस्डेनहून निघून रात्री म्युनिक. लेनबाखहाउससाठी 'क्योनिग्सप्लात्झ' स्टेशनवर उतरायचं. बहुतेक लोक 'ब्लू रायडर' या म्युनिकच्या चित्रकारगटासाठी येतात आणि कांडिन्स्की-मार्कच्या दालनांत गर्दी करतात. आपलं काम पाउल क्लेच्या 'झुंपफ्लेगेंडे' अर्थात 'दलदलीची दंतकथा' या चित्राशी. 1919 चं, पुठ्ठ्यावर तैलरंगात, 47 बाय 40.8 सेंटीमीटर. भिंतीवरच्या दिनदर्शिकेएवढं. गडद हिरव्या आणि तांबूस तुकड्यांतून तिरकी घरं, खिडक्या, झाडं निघतात. लांबून ते गोधडीसारखं सपाट दिसतं, हातभर अंतरावर आलं की एकेक खिडकी उघडायला लागते. क्युपर्स दांपत्याने ते रंग वाळल्यावर लगोलग घेतलं असं म्हणायला हरकत नाही.

आता त्याचा प्रवास. 1926 मध्ये हॅनोव्हरला उसनं. जुलै 1937 मध्ये जप्त, आणि याच म्युनिकमध्ये, आधुनिक कलेची टर उडवायला नाझींनी भरवलेल्या 'अधःपतित कला' प्रदर्शनात. 1941 मध्ये हिल्डेब्रांट गुर्लिट या व्यापाऱ्याने 500 स्विस फ्रँकला घेतलं. 1962 मध्ये कोलोनच्या लेम्पर्त्झ लिलावात आलं. 1982 मध्ये म्युनिक शहर आणि गाब्रिएले म्युंटर-योहानेस आइखनर प्रतिष्ठान यांनी मिळून खरेदी केलं. सोफी आणि लिसिट्स्कीचा मुलगा येन याने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मागणी केली, पण कोर्टात ती टिकली नाही. नाझींनी लुटलेल्या कलेच्या परताव्याबद्दलच्या 1998 च्या वॉशिंग्टन तत्त्वांनंतर वारं फिरलं, तरी तडजोडीला 2017 चा जुलै उजाडला. वारसांना बाजारभावाशी सुसंगत रक्कम मिळाली, चित्र संग्रहालयात राहिलं. 25 वर्षांहून जास्त चाललेला हा जर्मनीतला सर्वांत लांबलेल्या परताव्याच्या वादांपैकी एक.

संग्रहालयाची बाजू लंगडी होती असं माझं मत आहे. 1982 मध्ये खरेदी करताना हे चित्र कुणाचं हे शोधणं अशक्य नव्हतं, कारण पंधरा वर्षांपूर्वी सोफीचं पुस्तक छापून झालं होतं. ती 1978 मध्ये वारली होती, पण येन होता. त्याला एक पत्र घातलं असतं तर उत्तर आलं असतं.

पाट्या वाचण्याची सवय इथे लावून घ्या. चित्रकार-शीर्षक-साल याखाली बारीक अक्षरात 'कशी मिळाली' ही ओळ असते. 1933 ते 1945 या वर्षांत काय झालं ते तिथे लिहिलंय का, की सरळ 'खासगी संग्रह'वरून उडी मारलीय, एवढं पाहायचं. जर्मन संग्रहालयांत मूळ मालकीचा शोध घेणारे स्वतंत्र अभ्यासक असतात आणि जाहीर फेऱ्याही होतात, बहुधा जर्मनमध्ये. गुरुवारी लेनबाखहाउस संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हा गर्दी ओसरलेली असते.

जेवण : केझेश्पेट्झले. ताज्या पिठाचे आखूड गोळे-शेवया, भरपूर चीज, वर कुरकुरीत तळलेला कांदा. अर्धी थाळी मागितली तरी एकाला पुरते.

सहावा दिवस, गुरुवार : हॉफगार्टनच्या कमानी

'अधःपतित कला' प्रदर्शन 19 जुलै 1937 रोजी उघडलं ते हॉफगार्टन बागेलगतच्या कमानींच्या इमारतीत. आज तिथल्या गालेरीश्ट्रास 4 मध्ये कुन्स्टफेराइन ही संस्था नव्या कलेची प्रदर्शनं भरवते. दालनं अरुंद आहेत, आणि त्या वेळी मुद्दाम दाटीवाटीने सुमारे 600 कामं लावली होती. क्लेचं चित्र 'दादा भिंती'वर होतं, शेजारी श्विटर्सचं काम, आणि मागे भिंतीवरच कांडिन्स्कीच्या आकारांची टर उडवणारी रंगरंगोटी. 16 जुलैला हिटलर पाहणीला आला तेव्हाचे त्या भिंतीसमोरचे फोटो आहेत. एखादा छापून सोबत न्या, त्याविना इथे पाहण्यासारखं फार थोडं उरतं. प्रवेश फुकट होता, लहान मुलांना मज्जाव. नोव्हेंबर अखेरपर्यंत वीस लाखांवर लोक येऊन गेले.

बाग ओलांडून पाच-सात मिनिटांवर हाउस डेर कुन्स्ट. सरकारमान्य 'महान जर्मन कला' एक दिवस आधी, 18 जुलैला, तिथे उघडली होती. दोन्ही इमारतींमधलं अंतर पायी चाला. मग कळतं की एकीकडून दुसरीकडे लोक त्याच दुपारी जात असणार.

याच सत्तेमुळे रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर मुंबईत आले आणि पुढे तिथल्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या (हुसेन, रझा, सूझा) चित्रकारांचे समीक्षक, शिक्षक, गिऱ्हाईक झाले. सोफी उलट दिशेला गेली होती. तिच्या वाट्याला वेगळं आलं. लिसिट्स्की डिसेंबर 1941 मध्ये वारला, आणि 1944 मध्ये तिला जर्मन म्हणून येनसह नोवोसिबिर्स्कला धाडण्यात आलं. मधला मुलगा हान्स सोव्हिएत श्रमछावणीत गेला. जर्मनीत तिची चित्रं बोल्शेविक म्हणून जप्त, रशियात ती स्वतः जर्मन म्हणून हद्दपार. साफसफाईची कामं, मग कामगार क्लबात भरतकाम-विणकामाचे वर्ग. 1956 पर्यंत तिला ठाण्यावर हजेरी द्यावी लागे.

सातवा दिवस, शुक्रवार : बाझेल

म्युनिकहून झ्युरिकमार्गे. हॉटेलात उतरलात तर शहरभर ट्राम-बस फुकट देणारं कार्ड मिळतं, खोलीच्या आरक्षणाबरोबर ते आधीच ईमेलवर मागून घ्या. 6 नंबरची ट्राम रीहेन गावातल्या फोंडासिओन बेयलरच्या दारात सोडते. रेन्झो पियानोची 1997 ची इमारत, छतातून गाळून येणारा उजेड, बाहेर कमळांचं तळं. हे सोमवारीही उघडं असतं, आणि सहलीचे वार चुकले तर ते कामाला येतं.

कांडिन्स्कीचं 'इम्प्रोव्हायझेशन 10', 1910 चं, 120 बाय 140 सेंटीमीटर. जाड काळ्या रेषा, टेकडीवर घुमटांसारखे आकार, पिवळा-लाल भडक. क्लेच्या चित्रापुढे हे केवढं तरी मोठं. सोफीच्या घरात दोन्ही होती. 1937 मध्ये जप्तीनंतर फेर्डिनांड म्योलर या व्यापाऱ्यामार्फत 1951 मध्ये ते एर्न्स्ट बेयलरकडे आलं. 2002 मध्ये वारसांशी समझोता होऊन ते इथेच राहिलं. एक खबरदारी : मोठ्या प्रदर्शनांच्या वेळी कायम संग्रह खाली उतरवतात, चित्र परगावीही जातं. तिकीट काढण्याआधी ईमेलने विचारा. इतका प्रवास करून कोऱ्या भिंतीशी गाठ नको.

वेळ उरला तर कुन्स्टम्युझियम. जर्मन संग्रहालयांतून काढून टाकलेल्या कामांपैकी 21 या संग्रहालयाने 1939 मध्ये विकत घेतली, त्यांत कोकोश्काचं 'वाऱ्याची नवरी' आहे. वाचवली म्हणायचं की राजवटीला परकी चलन पुरवलं म्हणायचं, यावर बाझेलमध्येच दोन तट आहेत. स्वित्झर्लंडात जेवण महाग. सुपरमार्केटमधला ब्रेड, चीज आणि फळं घेऊन ऱ्हाइनच्या पायऱ्यांवर बसावं, तिथले लोकही तेच करतात.

आठवा दिवस, शनिवार : कोलोन

बाझेलहून ऱ्हाइनच्या काठाकाठाने चार तास. माइन्झनंतर उजवी खिडकी, नदी आणि किल्ले तिकडे. काही गाड्या मात्र बोगद्यांच्या नव्या मार्गाने जातात. नदी हवी असेल तर कोब्लेन्झला थांबणारी गाडी निवडा.

स्टेशनवरून होहेनझोलर्न पुलावरून पायी डॉइट्झला. पुलाच्या जाळीवर प्रेमिकांची लाखो कुलुपं. पलीकडे जुन्या प्रदर्शन मैदानात 1928 मध्ये 'प्रेसा' हे वृत्तपत्र-छपाईचं जागतिक प्रदर्शन भरलं. सोव्हिएत दालन श्टाटेनहाउस या अर्धगोल इमारतीत होतं. लिसिट्स्कीच्या हाताखाली 38 कलाकारांचा ताफा होता, सर्गेई सेनकिनसोबत केलेली फोटोपट्टी सुमारे 24 मीटर लांब. सोफी तिथे कामाला होती. आज तिथे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात, खांबांची कमान तशीच आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं तरच आत जाता येतं.

परत अलीकडे, नॉयमार्क्टवर लेम्पर्त्झचं लिलावघर. 'झुंपफ्लेगेंडे' 1962 मध्ये याच लिलावातून पुन्हा बाजारात आलं. लिलावाआधीचे काही दिवस माल सर्वांना विनामूल्य पाहता येतो. मेमध्ये आणि वर्षाअखेरीस मोठे लिलाव असतात. कॅटलॉगमध्ये एखाद्या चित्राच्या मालकीची साखळी वाचून पाहा. म्युझियम लुडविगमध्ये रशियन अवाँगार्द भरपूर आहे, पण या क्षेत्रात नकलाही भरपूर. 2020 मध्ये याच संग्रहालयाने स्वतःच्या संग्रहातल्या नकली ठरलेल्या कामांचं प्रदर्शन भरवलं होतं. असा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

बिअरच्या दुकानात 'हाल्वे हान' मागवा. नाव अर्ध्या कोंबड्याचं, येतो राईचा पाव, चीजचा जाड काप, मोहरी आणि कांदा. शाकाहारी माणसाने बिनधास्त घ्यावा. निळा अ‍ॅप्रन घातलेला वाढपी, त्याला क्योबेस म्हणतात, 0.2 लिटरचा पेला रिकामा झाला की न विचारता भरलेला ठेवतो आणि कागदी चकतीवर पेन्सिलीने रेघ मारतो. पुरे झालं की चकती पेल्यावर उपडी ठेवायची. नाहीतर रेघा वाढत जातात.

हातात आणखी एक दिवस असेल तर हॉलंडमधल्या आइंडहोव्हनचं फान आबे म्युझियम. रशियाबाहेरचा लिसिट्स्कीच्या कामांचा सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक तिथे आहे, आणि कोलोनहून एक-दोन गाड्या बदलून दुपारपर्यंत पोहोचता येतं. सोफीने जपलेली लिसिट्स्कीची कागदपत्रं आणि चित्रं मात्र मॉस्कोत, राज्य साहित्य-कला अभिलेखागारात आणि त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहेत. तिथला आणि नोवोसिबिर्स्कचा टप्पा सध्याच्या परिस्थितीत या सहलीला जोडता येत नाही. जर्मनीहून रशियाला थेट विमानं बंद आहेत.